डाव्या बाजूची दोन बोटं

१

त्या गुरुवारी सकाळी साडेआठलाच लू, म्हणजे उन्हाळ्याचा भाजणारा वारा, चालू झाली. आभाळ नासलेल्या ताकावरच्या पाण्यासारखं, ऊन धड दिसत नव्हतं, तरी पायाखालची फरशी चटके देत होती. माधवगंजातली आमची गल्ली नऊच्या आत दारं लावून कूलरपुढे जाऊन बसली. ग्वाल्हेरचा मे महिना माणसाला काम न करायला फार चांगलं कारण देतो. मला तसली कारणं आवडत नाहीत. मी ओला पंचा डोक्याला गुंडाळला, अंगणातल्या पत्र्याखाली गाडी घेतली आणि जॅक लावला.

गाडी अँबेसेडर आहे, अठ्ठ्याऐंशी सालची. एका वकीलसाहेबांकडे मी छत्तीस वर्षं ड्रायव्हर होतो. ते गेले तेव्हा त्यांच्या मुलांना ती भंगारात द्यायची होती. मुलं शिकलेली. शिकलेल्या माणसाला भंगार लवकर दिसतं. मी म्हटलं, मला द्या. ते हसले नि चावी दिली.

मागच्या कमान्या, म्हणजे चाकांवरच्या लोखंडी पत्त्यांच्या स्प्रिंगा, थकल्या होत्या. डावी जास्त, कारण साहेब लोक मागे डावीकडेच बसतात. तीस वर्षं एकाच कोपऱ्यावर भार. उभी असली तरी गाडी डावीकडे कललेली दिसायची.

"मल्हारराव, लंगडते हो तुमची गाडी," समोरच्या ओट्यावरून भालचंद्रजी म्हणाले. ते कॉलेजात फिजिक्स शिकवायचे. आता कुणी शिकायला नाही, म्हणून मला शिकवतात. "याला गुरुत्वमध्य सरकणं म्हणतात. जाऊ द्या, तुम्हाला नाही कळायचं."

"नाही कळायचं," मी मान डोलावली. मान डोलावली की शिकलेली माणसं लवकर घरात जातात. तेही गेले.

मला फक्त एवढं कळत होतं की शनिवारी मंदाला दवाखान्यातून घरी आणायचं आहे.

मंदा म्हणजे माझी बायको. दहा दिवसांपूर्वी न्हाणीत घसरली आणि डाव्या खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आत लोखंड बसवलं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन साफ सांगितलं होतं, "नेताना दचका बसता कामा नये. एक जोराचा दचका बसला तर सगळं उकलून पुन्हा करावं लागेल. आणि या वयात दुसऱ्यांदा... समजून घ्या."

मी समजून घेतलं. नोएडाहून संग्रामने, म्हणजे आमच्या मुलाने, फोनवर सांगितलं, "बाबा, ॲम्ब्युलन्स कर लो ना. कशाला ही झंझट? तुमचं वय काय, गाडीचं वय काय." पण मंदाने ॲम्ब्युलन्सचं नाव काढू दिलं नाही.

"मी आडवी गेले, पण येणार बसून," ती पलंगावरून म्हणाली. "त्या पांढऱ्या डब्यात निजून गल्लीत आले तर लोक हार घेऊन उभे राहतील. तुमच्या खटाऱ्यातच येईन. पण खटाऱ्याने हलवलं, तर तुमची खैर नाही."

"नाही हलवणार."

"तुमच्या बोलण्याचं काय धरायचं? जन्मभर दुसऱ्याची गाडी धुतलीत, नि स्वतःची लंगडी."

हे ती प्रेमाने बोलली असं मी म्हणणार नाही. सत्तेचाळीस वर्षांत ती माझ्याशी तसं कधी बोललेली नाही. पण ऑपरेशननंतर आठ दिवस ती नुसती हूं-हूं करत पडली होती, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मला टोचून बोलली. तेव्हा मला कळलं, आता ही जगते.

२

कमानी बदलणं म्हणजे जादू नाही. दौलतगंजाच्या मागच्या गल्लीत एका म्हाताऱ्या दुकानदाराकडे जुन्या गाड्यांचं सामान मिळतं. तिथून मी दोन नव्या कमान्या, रबरी बुश, शॉकर, सगळं आणून ठेवलं होतं. गाडी वर घ्यायची, खाली लाकडी ठोकळे द्यायचे, गंजलेल्या बोल्टांना आदल्या रात्री तेल पाजून ठेवायचं आणि घाई करायची नाही. आजकालची गॅरेजवाली पोरं बोल्ट निघाला नाही की हातोडा घेतात. बोल्ट हातोड्याला घाबरत नाही, तो फक्त वाकडा होतो.

मी हे काम कान्होजी उस्तादांकडे शिकलो. त्यांना अक्षर येत नव्हतं, मलाही तेव्हा येत नव्हतं. ते हाताने मोजायचे. मागच्या बंपरच्या टोकापासून जमिनीपर्यंत वीत लावायची, उरलं ते बोटांनी. डावी बाजू आणि उजवी बाजू सारखी आली पाहिजे. आणि त्यांचं एक म्हणणं होतं: माप घ्यायच्या आधी गाडी रिकामी कर. नुसती माणसं नाही. डिकीतली स्टेपनी काढ, पाने काढ, सीटखालचा कपडा काढ. "भरल्या गाडीचं माप घेऊन पत्ती चढवशील," ते म्हणायचे, "तर गाडीत जे असेल त्याच्यासाठी ती गाडी बनवशील."

मी स्टेपनी काढली, पाने काढले, सीटखालचा कपडाही काढला. मंदाच्या केसांची एक पिनही निघाली, तीही काढली.

जुनी डावी कमानी हातात आली तेव्हा तिची मोठी पत्ती मधोमध चिरलेली निघाली. मनाला फार बरं वाटलं. जे लंगडत होतं त्याचं कारण हातात आलं, आणि ते लोखंडाचं होतं. भालचंद्रजींचा गुरुत्वमध्य मी भंगाराच्या ढिगावर टाकला.

दुपार पाण्याच्या बाटलीवर काढली. पाच वाजता नव्या कमान्या, नवे बुश, नवे शॉकर लागले. गाडी खाली घेतली, दोनचार वेळा दाबून हलवली, पुढेमागे ढकलली. मग गुडघ्यावर बसून माप घेतलं.

उजवीकडे दोन विती चार बोटं.

डावीकडे दोन विती दोन बोटं.

मी पुन्हा मोजलं. हाताला घाम होता म्हणून हात पुसून तिसऱ्यांदा मोजलं. डावी बाजू दोन बोटं खालीच.

३

शुक्रवारी सकाळी मी स्वतःवर हसत उठलो. नवी कमानी नरम निघते कधीकधी, त्यात काय? मी दोन्ही कमान्या काढल्या आणि अदलाबदल केली. नरम असेल ती आता उजवीकडे जाईल, मग उजवी बाजू बसेल.

उजवी बसली नाही. डावीच बसली. दोन बोटं.

मग फरशी उतरती असेल म्हणून गाडी फिरवून उलट्या तोंडाने उभी केली. फरशी उतरती असती तर आता दुसरी बाजू खाली गेली असती. गेली नाही. चाकं बदलली, हवा बघितली. डिकी उघडून आत हात फिरवला, एखादं विसरलेलं लोखंड असेल म्हणून. काही नव्हतं. गाडी आतून धुतलेल्या पातेल्यासारखी रिकामी होती आणि मागे डावीकडे दोन बोटं खाली होती.

भालचंद्रजी ओट्यावर आले. "नवीन सामान टाकून पण तशीच? अहो, पैसे घेऊन मीच धक्का मारला असता."

"बसेल हळूहळू," मी म्हटलं.

"बसलीच आहे की! उठवायची आहे ना?" ते आपल्याच विनोदावर हसले आणि कूलरपुढे गेले.

बारा वाजले असतील. गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं. वाराही एकाएकी थांबला आणि पत्रा तापून टक-टक वाजायला लागला. मी गाडीखाली पाठीवर पडून डाव्या कमानीचे यू-बोल्ट बघत होतो. माझ्या डोळ्यांपुढे, वीतभर अंतरावर, ती कमानी होती. तिच्या पत्त्या एकमेकींवर हलक्या सरकल्या. कमानी थोडी वर उचलली गेली. क्षणभर तशी राहिली. मग वर सीटच्या स्प्रिंगांचा करकर आवाज झाला आणि ती पुन्हा आपल्या जागेवर बसली.

मी ती गोष्ट फार वेळा पाहिली आहे. मागे बसलेलं माणूस खूप वेळ एकाच कुशीवर बसलं की उठून पदर, धोतर सारखं करतं आणि पुन्हा बसतं, तेव्हा असं होतं.

मांजर, मी मनात म्हटलं. मांजराने कमानी हलत नाही हे मला माहीत होतं. पण मांजर म्हणायला तोंडाला सोपं जातं.

सरपटत बाहेर आलो, गुडघे झटकले आणि दार उघडलं. आत कुणी नव्हतं. काचा बंद, चारी दारं बंद. मी पुढच्या सीटवर हात ठेवला, चटकन काढून घेतला. मे महिन्यात दुपारी रेक्झिन तव्यासारखं तापतं. मागे उजवीकडे ठेवला, तिथेही तेच. मग मागे डावीकडे ठेवला.

तिथे भाजलं नाही. सीट कोमट होती. माणसाच्या अंगाइतकीच.

मी तिथे हात तसाच ठेवून उभा राहिलो. डोक्यात हिशेब चालू होता, कारण हिशेब थांबला की माणूस घाबरतो. छत्तीस वर्षं मी मागे न बघता सांगायचो मागे कोण बसलं ते. वकीलसाहेब बसले की गाडी तीन बोटं दबायची. त्यांचे मुनीमजी, काडीसारखे, एक बोट. दोन बोटं म्हणजे पन्नास-पंचावन्न किलोचं माणूस. बरं, मग? जगात पंचावन्न किलोची माणसं काय कमी आहेत? आणि त्यांच्यातलं एकही गाडीत नाही, हे दिसतंय ना डोळ्यांना? म्हणजे डोकं तापलंय. पंचा ओला करा मल्हारराव, नि कामाला लागा.

मला भीती वाटली असं नाही. मला राग आला. दीड दिवस मी त्या दोन बोटांच्या मागे वेड्यासारखा होतो आणि उद्या दहाला मंदाला सोडणार होते. कललेल्या गाडीत बसवलं तर तिचा सगळा भार त्याच मोडक्या खुब्यावर जाणार. माझ्याकडे वेळ नव्हता. कोण होतं किंवा नव्हतं याच्याशी मला घेणंदेणं नव्हतं.

जुन्या कमानीतली एक धड पत्ती मी घासून साफ केली, डावी कमानी सोडवली आणि तिच्यात ती चढवली. कमानी अर्धवट कसून झाल्यावर मी उघड्या दाराकडे बघून बोललो. एकट्याने काम करताना मी बोलतो, ती माझी सवय आहे.

"बसायचंय ना? बस," मी म्हटलं. "तुझ्यापायी एक पत्ती जास्त टाकली, मग तर झालं? आता गप बस, नि मला माझं काम करू दे."

चार वाजता माप घेतलं. दोन्हीकडे दोन विती चार बोटं. गाडी सुतात. मी हात धुतले, चहा केला आणि रिकाम्या सीटशी बोलणाऱ्या म्हाताऱ्यावर एकटाच हसलो. उस्तादांची आठवण मला तेव्हा आली नाही. काम झालं की आपण शिकवणारा विसरतो.

४

शनिवारी सकाळी भालचंद्रजींच्या हसण्याने मी बाहेर आलो.

"मल्हारराव! आता दुसऱ्या पायाने लंगडायला लागली की!"

गाडी डावीकडे वर होती. मी बसून मोजलं. उजवीकडे दोन विती चार बोटं. डावीकडे दोन विती सहा.

मी त्या बंपरपाशी जरा जास्तच वेळ बसलो. गोष्ट सरळ होती, आणि सरळ होती म्हणूनच नकोशी होती. मी पत्ती चढवली तेव्हा त्या कोपऱ्यावर दोन बोटांचा भार होता. आता तो नव्हता. म्हणून गाडी तेवढी वर आली होती. रिकामी गाडी.

"रबर असतं, नवीन रबर," मी भालचंद्रजींना म्हटलं. "उन्हाने फुगतं."

"रबर उन्हाने फुगतं?" त्यांनी कपाळाला हात लावला. "धन्य आहे! आणि या माणसाच्या गाडीत वहिनी बसणार!"

त्या वेळी त्यांचं ते हिणवणं मला बरं वाटलं. कुणीतरी शहाणं माणूस आपल्याला मूर्ख म्हणतंय, म्हणजे जग जागेवर आहे. पत्ती काढायला दोन तास लागले असते. नऊ वाजून गेले होते. गेलं ते गेलं, म्हटलं, आणि निघालो.

दवाखान्याच्या दारात दोन वॉर्डबॉयनी मंदाला खुर्चीवरून उचललं. दोघांच्याही मानेच्या शिरा ताठल्या. "अम्मा, पैर सीधा, पैर मत मोड़ो," एक म्हणत होता.

"माझा पाय मला शिकवतोय," मंदा मराठीतून म्हणाली. "अहो, उभे काय राहिलात? हात द्या. पुतळ्यासारखे उभे!"

तिला मागे डावीकडे बसवलं. तिथेच पाय लांब करायला जागा होते. कमानीचा ओळखीचा आवाज झाला, गाडी खाली बसली. वॉर्डबॉय गेले तरी मी लगेच पुढे जाऊन बसलो नाही. मागे गेलो, खाली वाकलो आणि मोजलं.

दोन विती चार बोटं. दोन विती चार बोटं. केसभराचा फरक नाही.

"आता तिथे काय शोधताय?" आतून मंदाचा आवाज. "पडलं काय? अक्कल?"

"काही नाही," मी म्हटलं.

पंचावन्न किलोची माणसं जगात कमी नाहीत, असं मी परत एकदा मनात म्हटलं. या वेळी त्याने बरं वाटलं नाही. कारण मी ती गाडी शुक्रवारी दुपारी कुणाच्या तरी मापाने बनवली होती, आणि मंदा त्या मापात पेल्यात पेला बसावा तशी बसली होती. शुक्रवारी दुपारी मंदा तिसऱ्या मजल्यावर पलंगाला खिळून होती. नर्सने तिला बारा वाजता खिचडी भरवली, हे तिनेच मला फोनवर सांगितलं होतं, खिचडीला नावं ठेवत.

मी दुसऱ्या गियरच्या वर गेलो नाही. पाइपलाइनसाठी रस्ता जागोजागी खणलेला, पण नव्या कमान्यांनी एकेक खड्डा अलगद गिळला. मी आरशातून मंदाचा चेहरा बघत होतो. एकदाही ओठ आवळला नाही.

"लागतंय का?"

"लागलं असतं तर तुम्हाला विचारायला लागलं नसतं." थोड्या वेळाने म्हणाली, "ही सीट कशी बसकी झालीय. कुणाला बसवून फिरवत होतात, मी नसताना?"

"कुणाला बसवणार?"

"तेही खरंच. तुमच्या गाडीत कोण बसणार?"

मला हसू आलं. ती मला बोलत होती, म्हणजे ती बरी होती. पाटणकर बाजार मागे पडेपर्यंत तिने माझा शर्ट, माझी दाढी, संग्रामचं फोन न करणं, दवाखान्यातली खिचडी आणि दवाखान्यातले पंखे, सगळ्यांना एकेक करून झोडपलं. असा सुखाचा प्रवास मी बऱ्याच वर्षांत केला नव्हता.

५

आमच्या गल्लीच्या तोंडाशी सिमेंटचा नवा रस्ता झाला आहे. तळहातासारखा. तिथे वळताना ती म्हणाली, "आणि त्या भालचंद्रांना सांगा, फिजिक्स फार शिकवलंत, पण घरात स्वतःच्या..."

पुढचं वाक्य आलं नाही.

गाडीचा मागचा डावा कोपरा हलकेच दबला. खड्डा नव्हता, दगड नव्हता. वर सीटच्या स्प्रिंगा करकरल्या. एकाने दुसऱ्याला जागा द्यायला सरकावं तशा. मग कोपरा पुन्हा वर आला.

मी आरशात बघितलं. मला तिचा पदर दिसला. डोक्यावरून घेतलेला, अगदी कपाळापर्यंत. मंदा डोक्यावर पदर फक्त देवळात घेते. ऊन लागत असेल, मी स्वतःला सांगितलं. ऊन त्या बाजूला नव्हतं.

"काय म्हणत होतीस?" मी विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली.

दारात गाडी लावली. भालचंद्रजी ओट्यावर होतेच, पण हात लावायला खाली उतरले नाहीत. त्यांची कंबर धरलेली असते. डॉक्टरांनी दोन माणसांशिवाय उतरवू नका म्हटलं होतं. मी दार उघडलं, तिच्या काखेत हात घातले, पाय रोवले आणि सगळी ताकद लावायच्या तयारीने उचललं.

ती आली. उशी उचलावी तशी आली. मी एवढा जोर लावला होता की मीच मागे धडपडलो. एका क्षणाला मला स्वतःचं कौतुक वाटलं, अजून अंगात दम आहे म्हणून. डॉक्टर लोक उगीच घाबरवतात, असंही वाटलं. तिला वॉकर दिला. तो धरून ती एकेक पाऊल टाकत आत गेली. एकदाही कण्हली नाही.

आत निवारीच्या, म्हणजे कापडी पट्ट्यांनी विणलेल्या, पलंगावर बसली. त्या पलंगाची निवार मांजर चढलं तरी कुरकुरते. त्या वेळी ती कुरकुरल्याचं मला आठवत नाही. मी तेव्हा लक्ष दिलं नसेल.

चेहरा मंदाचाच होता. हनुवटीवरचं गोंदण तेच. तिने पदर जरा मागे घेतला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली,

"दमलात हो तुम्ही. जरा बसा."

मी उभाच राहिलो.

"गाडी फार छान केलीत," ती म्हणाली.

सत्तेचाळीस वर्षं. मी तिच्या घरी मागणी घालून आलो तेव्हापासून आजपर्यंत या बाईने माझ्या एकाही कामाला छान म्हटलेलं नाही. आजारपणाने माणूस नरम होतो, हे मला माहीत आहे. भुलीच्या औषधाचा अंमल महिनाभर राहतो, असंही कुणी म्हणालं होतं. मी ते सगळं मनाशी म्हटलं. मग बाहेर गेलो, ग्रीसने बरबटलेल्या कामाच्या चपला पायात घातल्या आणि त्या घालून देव्हाऱ्याच्या खोलीत, तिच्या डोळ्यांसमोरून, चालत गेलो. पुसलेल्या फरशीवर काळे ठसे उमटले. असं एकदा मी तरुणपणी चुकून केलं होतं, तेव्हा तिने तीन दिवस जेवण वाढलं नव्हतं.

मी वळून तिच्याकडे बघितलं. तोंड उघड, मनात म्हटलं. एक शिवी दे. अक्कल विचार. खटारा म्हण.

ती ठशांकडे बघत होती. मग वर बघून हसली. मायेने.

"असू द्या," ती म्हणाली. "पुसेन मी."

मी चपला हातात घेतल्या आणि बाहेर आलो. तिची दवाखान्यातली पिशवी गाडीतच राहिली होती, ती आणायची होती, असं मी स्वतःला सांगितलं. मागचं डावं दार मी मघाशी लोटलं होतं, ते नीट लागलेलं होतं. काचांवर खणलेल्या रस्त्याची धूळ बसली होती. आतलं दिसत नव्हतं. मीही वाकून बघितलं नाही. सकाळी ही गाडी रिकामी उभी होती तेव्हा किती वर होती, ते मला बोटावर माहीत होतं. आता फक्त बंपरकडे नजर टाकायची होती, आणि मी ती टाकत नव्हतो. मी भिंतीकडे बघत होतो.

भालचंद्रजी ओट्यावरून खाली उतरले होते. कंबर धरलेला तो माणूस गाडीच्या मागे उकिडवा बसला होता, आणि माझी नक्कल करत बंपरखाली वीत लावत होता. आधी उजवीकडे. मग डावीकडे. मग पुन्हा उजवीकडे. उठताना त्यांनी गुडघ्यावर हात टेकले, माझ्याकडे बघितलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्या तोंडावर हसू नव्हतं.

"मल्हारराव, मानलं बुवा तुम्हाला," ते म्हणाले. "मी स्वतः मोजलं, दोन्ही बाजू अगदी सारख्या. अहो, तुमची रिकामी गाडी इतकी सरळ उभी राहिलेली मी आजच बघतोय!"